शाळेने प्रवेशाचा नकार लेखी द्यावा

संपादक महोदय,

पुण्यात शाळाप्रवेश सुरू झाले की दिव्यांग मुलांच्या पालकांना बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकायला मिळते, "आमच्याकडे सोय नाही हो, तुम्ही विशेष शाळा बघा." माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेने अर्ज घेतला, त्याला भेटायला बोलावले आणि मग जागा भरल्याचे फोनवर कळवले. तेच लेखी मागितले, तर 'तशी पद्धत नाही' म्हणाले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ अनुदानित शाळांइतकेच सरकारमान्य विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत सुगम करणे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे आधार पुरवणे त्यांना बंधनकारक आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर कलम ३१ नुसार ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो वा विशेष शाळेत. निवड मुलाची आहे, शाळेची नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुले शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) वंचित गटात, म्हणजे २५ टक्के राखीव जागांसाठी पात्र आहेत. ससून रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या कितीतरी पालकांना हे कुणी सांगतच नाही.

काही शाळा प्रवेश देतात, पण शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसून मदत करणारी व्यक्ती, स्वखर्चाने आणा म्हणतात. शाळेची जबाबदारी आईवडिलांच्या खिशावर टाकण्याचाच हा प्रकार आहे आणि तो मला संतापजनक वाटतो. वर्गशिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांना प्रशिक्षण देणे दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार सरकारचे काम आहे. प्राथमिकला दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच घालून दिले. प्रत्यक्षात एकेका फिरत्या विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात.

दाद मागायला आम्हा पुणेकरांना लांब जावे लागत नाही. दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच, चर्च पथावर आहे आणि शिक्षण आयुक्तालयही इथेच. पण तोंडी नकाराची तक्रार करायची कशाच्या आधारावर? कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा केल्यास तो किमान ५० हजार आणि कमाल ५ लाख होतो. कागदच नसेल, तर दरवर्षी मुलांना परत पाठवणारी शाळाही पहिल्यांदाच चुकल्यासारखी ठरते. शाळा नकार तोंडी का देतात, याचे उत्तर मला यातच दिसते.

म्हणून शिक्षण आयुक्तांना माझी विनंती आहे. दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारणाऱ्या प्रत्येक शाळेने ठरावीक मुदतीत सकारण लेखी उत्तर द्यावे आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी, असे परिपत्रक पुढच्या प्रवेशांपूर्वी काढावे. त्या प्रतींची शाळावार नोंद दिव्यांग आयुक्तांकडेही जावी. पालकांनीही तोवर प्रवेशाचा अर्ज ईमेलने किंवा पोच घेऊनच द्यावा.

– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे