दरडोई भाजी वाढली, पण ताटापर्यंत किती पोचते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातला भाजीपाल्याचा दरडोई पुरवठा तीस वर्षांत दुपटीवर गेला, अशा अर्थाच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. आकडा खोटा नाही. पण त्यावरून ‘आता भाजीची कमतरता उरली नाही’ असे जे म्हटले जाते, ते हिशेबात बसत नाही.

१९९१-९२ साली देशात सुमारे ५८५ लाख टन भाजीपाला पिकला. १९९१ च्या जनगणनेची ८४ कोटी ६० लाख लोकसंख्या घेऊन भागाकार केला तर माणशी रोज साधारण १९० ग्रॅम येतात. २०२२-२३ मध्ये उत्पादन सुमारे २१२५ लाख टन होते. लोकसंख्या १४० कोटी धरली तर ४१६ ग्रॅम. या वाढीत क्षेत्र आणि उत्पादकता दोन्हींचा वाटा आहे. लागवड ५६ लाख हेक्टरवरून ११३ लाखांच्या घरात गेली आणि हेक्टरी उत्पादन साडेदहा टनांवरून साडेअठराच्या पुढे. संकरित बियाणे, ठिबक, मल्चिंग, ट्रेमधली तयार रोपे यांनी हे घडवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले भागात कुणाला ते वेगळे सांगायला नको.

आता बटाटा. आपल्या सरकारी फलोत्पादन आकडेवारीत तो भाजीतच धरतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना मात्र आपल्या अन्न-ताळेबंदात, म्हणजे देशात खाण्यासाठी किती अन्न उरते त्याच्या हिशेबात, बटाटा, रताळी कंदमुळांच्या रकान्यात टाकते. जागतिक आरोग्य संघटनेची रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्यांची शिफारसही बटाटा वगळून केलेली आहे. म्हणजे ४१६ ग्रॅमचा आकडा ४०० च्या शेजारी छापून समाधान मानायची सोयच नाही. २०२२-२३ चा सुमारे ६०१ लाख टन बटाटा बाजूला काढला की ४१६ चे २९८ होतात. त्यातले जवळजवळ ६० ग्रॅम कांदा. बटाटा वगळून १९९१-९२ चा आकडा १३० च्या आसपास येतो. तेव्हा वाढ दुपटीची आहेच, फक्त आपण समजतो त्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर आहे.

शिवाय हे झाले शेतातले वजन. ताळेबंदाची रीत अशी: उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातला फरक धरायचा, मग बियाणे, जनावरांचे खाद्य, नासाडी आणि अन्नाव्यतिरिक्तचा वापर वजा करायचा. उरते त्याला पुरवठा म्हणतात. बियाण्याची वजावट किरकोळ वाटते, पण बटाट्याला हेक्टरी २५ ते ३० क्विंटल बेणे लागते. देशाच्या बटाट्याचा साधारण दहावा हिस्सा असाच परत मातीत जातो. २०२२-२३ मध्ये कांदा २५ लाख टन बाहेर गेला. नासाडीबद्दल भाषणांत ४० टक्के बेधडक ठोकून देतात. लुधियानाच्या सिफेट संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात काढणीपश्चात नुकसान भाज्यांत साडेचार ते साडेबारा टक्के निघाले आणि त्यात सर्वात वर टोमॅटो होता. सरासरी दहा टक्के धरा. २९८ मधून निर्यात व नासाडी गेल्यावर २६५ च्या आसपास उरतात.

घरात आल्यानंतरची घट या ताळेबंदात येतच नाही. मटाराचे जवळपास निम्मे वजन टरफलात जाते. फ्लॉवरचा पाला-दांडा, मेथीची मुळे-देठे, कोबीची वरची पाने, दोडक्याच्या शिरा. पाव भाग टाकाऊ धरला तरी चुलीवर चढते ती भाजी २०० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना २००० किलोकॅलरीच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाजी सांगतात. आणि हे २०० ग्रॅमही सरासरीचे. ज्याच्या खिशात पैसे त्याच्या पिशवीत जास्त.

वर्षांची तुलना करताना आणखी एक खाच आहे. अन्न व कृषी संघटनेच्या ताळेबंदाची जुनी मालिका १९६१ ते २०१३ ची आणि नव्या पद्धतीची २०१० पासूनची. पद्धत वेगळी, लोकसंख्येचे आकडेही वेगळे. दोन्ही मालिका एकाच आलेखात जोडल्या तर मध्येच जी उडी किंवा घसरण दिसते, ती शेतात झालेलीच नसते. दोन्हींतल्या सामाईक वर्षांचे आकडे शेजारी मांडले की फरक लगेच कळतो.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले तर मोजणीच कच्ची आहे. ऊस लावताना सरीत कोथिंबीर, मेथी, कोबी, फ्लॉवर घेतात. २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत मिश्र पिकाची नोंद करता येते, तरी सातबाऱ्यावर बहुधा ऊस तेवढाच चढतो. वांगी, भेंडी यांचे दोन-चार दिवसांनी तोडे होतात. गव्हासारखा एकदाच कापून वजन करण्याचा प्रयोग तिथे चालत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीतल्या रानभाज्या आणि परसातला शेवगा-अळू कुठल्याच कागदावर नाहीत. बाजार समितीच्या आवकेवर विसंबावे, तर जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यापासून यार्डाबाहेरची विक्री तिथे दिसत नाही. आत आलेल्या मालातलाही बराच कोकण-गोव्याला घाट उतरून जातो. कोल्हापूरची आवक म्हणजे कोल्हापूरकरांचे खाणे नव्हे.

पालेभाजीचा घोळ तर निराळाच. बाकी माल दहा किलोच्या दराने, पण मेथी-कोथिंबीर शेकडा पेंढ्यांवर. थंडीत पेंढी भरदार असते. पावसाळ्यात बारीक आणि निम्मी पाण्याने जड. एकच सरासरी वजन लावून टन काढले की श्रावणातली तूट कागदावर बुजून जाते. नेमकी त्याच महिन्यांत पालेभाजी सडते, काळ्या रानात पाणी साचून रोपांची मर होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठचे फड तर गेलेच, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून बाहेरचा मालही अडकला. वार्षिक सरासरीत या आठवड्यांचा मागमूस राहत नाही.

म्हणून विनंती अशी की, आपण रोजचे दर छापता तिथे महिन्यातून एकदा आवकेचा तक्ता द्यावा. रकाने चार पुरेत: बटाटा, कांदा, पालेभाज्या, इतर भाज्या. बाहेरगावी रवाना झालेल्या मालाचा अंदाज व्यापाऱ्यांकडून मिळाल्यास तोही द्यावा. पालेभाजीसाठी दर महिन्याला वेगवेगळ्या गाड्यांवरच्या वीस-पंचवीस पेंढ्या पाणी झटकून तोलाव्यात आणि त्या महिन्याचे सरासरी वजन तक्त्याखाली छापावे. तोलाईदाराचे अर्ध्या तासाचे काम आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर