टेनिसमधला ‘लेट’ हा ‘नेट’चा अपभ्रंश नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेनिसच्या नियमांविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेल्या लेखात, सर्व्हिसचा चेंडू जाळीला (‘नेट’ला) लागून योग्य चौकटीत पडला की पुकारला जाणारा ‘लेट’ हा ‘नेट’चा अपभ्रंश असल्याचे म्हटले आहे. हा समज सर्वत्र रूढ असला, तरी तो चुकीचा आहे. स्क्वॉशमध्ये जाळी नसतेच. तरीही प्रतिस्पर्धी वाटेत आला की खेळाडू ‘लेट’ मागतो. टेनिसमध्येही शेजारच्या कोर्टवरचा चेंडू घरंगळत आत आला, तर पंच ‘लेट’ पुकारून तो गुण पुन्हा खेळवतात. या सर्व ठिकाणी अर्थ एकच आहे, तो म्हणजे अडथळा.

प्राचीन इंग्रजीत ‘लेट्टन’ असे क्रियापद होते. अडवणे, खोळंबा करणे हा त्याचा अर्थ, आणि उशिरा या अर्थाचा ‘लेट’ हा त्याच्याच कुळातला. ‘टू लेट’च्या पाटीवर दिसणारे, सोडणे किंवा करू देणे या अर्थाचे क्रियापद मात्र वेगळे होते. दोहोंचे मूळ फार मागे एकच असले, तरी पुढे त्यांचे उच्चार सारखे झाले आणि ‘जाऊ दे’ व ‘अडव’ यांसाठी एकच शब्द उरला. हा घोटाळा भाषेला फार काळ पेलवला नाही आणि अडवणारे क्रियापद मागे पडले.

शेक्सपिअरच्या काळी मात्र ते चांगलेच वापरात होते. वडिलांच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा जो मला ‘लेट’ करील त्याचेच भूत करीन, अशी धमकी तो देतो. आजच्या अर्थाने वाचल्यास हे वाक्य नेमके उलटे होते, आणि विद्यार्थी तिथे अडखळतात यात त्यांचा काहीच दोष नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही, आपल्याला यायचे होते पण आजवर अडथळे आले, हे पौल रोमकरांना याच शब्दात कळवतो.

आपल्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत हा शब्द अजून टिकून आहे. धारकाला ‘लेट’ किंवा अटकाव न करता जाऊ द्यावे, असे ते इंग्रजी वाक्य आहे. तिथल्या हिंदी मजकुरात त्यासाठी ‘बिना रोक-टोक’ असे अचूक शब्द योजले आहेत.

आपला क्रीडा विभाग विद्यार्थीही आवडीने वाचतात, म्हणून पुढील अंकात ही दुरुस्ती अवश्य छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक