वाकडचा फ्लॅट आणि आमचं जोडघर

कोलंबस, ओहायो

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

भाड्याने देण्यासाठी तू घ्यायचं म्हणतोस त्या पुण्याजवळच्या वाकडच्या फ्लॅटचा कागद मिळाला. बिल्डर ८५ लाख म्हणतो आणि एजंट २५ हजार भाड्याची खात्री देतो. फोनवर बाबा मध्येच बोलायला लागतात आणि आकडे राहून जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आमचं सांगते. ग्रीन कार्ड हाती आल्यावर आम्ही इथे जुनं विटांचं जोडघर घेतलं. एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधली भिंत सामाईक, दारं आणि मीटर वेगळे. इथे त्याला 'डबल' म्हणतात. एका बाजूला आम्ही राहतो, दुसरी भाड्याने दिली आहे. मालक स्वतः राहणार असेल तर चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला एफएचएचं, म्हणजे सरकारी हमीचं, कर्ज मिळतं आणि पदरचे साडेतीन टक्के घालून भागतं. मात्र ६० दिवसांत राहायला जावं लागतं आणि निदान वर्षभर तिथे राहावं लागतं. निव्वळ भाड्यासाठी घेतलं असतं तर बँकेने १५ ते २५ टक्के मागितले असते. तेवढे आमच्याकडे नव्हते.

आता हिशेब. कर्जाचा हप्ता, घरपट्टी, घराचा आणि कर्जाचा विमा मिळून महिन्याला २,४०० डॉलर जातात. शेजारच्या बाजूचं भाडं १,३०० येतं. पण आम्ही ते १,३०० कधीच धरत नाही. वर्षातला एक महिना घर रिकामं राहील असं समजून १०८ बाजूला, दुरुस्तीसाठी १३० बाजूला. उरले १,०६२. म्हणजे आमच्या खिशातून १,३३८ जातात. पूर्वी आम्ही स्वतः १,४५० भाडं भरत होतो. महिन्याला शंभरेक डॉलरचा फरक, बस्स. ताई अमेरिकेत घरमालकीण झाली म्हणून आई चारचौघांत सांगते, तिला हा आकडाही सांग. आज फायदा थोडा आहे, पण हप्ता ३० वर्षं बदलणार नाही आणि भाडं हळूहळू वाढेल. त्या भरवशावर आम्ही हे केलं आणि मला ते पटलेलं आहे.

घर बघताना मी रंग, स्वयंपाकघर काहीच बघितलं नाही. आम्ही नेमलेला तपासनीस तळघरात उतरला, मी त्याच्या मागे. त्याने भट्टीचं पत्र्याचं झाकण काढून आतल्या पट्टीवरचं वर्ष वाचून दाखवलं. थंडीत सगळं घर त्या भट्टीवर तगतं, आणि इथे तर दोन बिऱ्हाडांच्या दोन. मग सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा सोडला. पडद्यावर मातीच्या जुन्या पाइपाच्या सांध्यातून झाडाची बारीक मुळं आत आलेली दिसली. तेवढ्या एका चित्रावर विकणाऱ्याने किंमत कमी केली. तूही फ्लॅट बघायला जाशील तेव्हा हॉलमध्ये उभा राहू नकोस. बाथरूमच्या खालच्या मजल्यावर जाऊन छत बघ, पावसाळ्यात पश्चिमेची भिंत हाताने चाचपून बघ, टँकर किती येतात ते वॉचमनला विचार.

आता तुझे आकडे. २५ हजारांनी वर्षाचे तीन लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार, पालिकेचा कर साधारण १५ हजार, एक महिना रिकामा म्हणून २५ हजार. उरले दोन लाख अठरा हजार, म्हणजे ८५ लाखांवर अडीच टक्के. रंगरंगोटी आणि एजंटची दलाली अजून धरलेलीच नाही. ६० लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता ५२ हजारांवर जातो. भाडं पूर्ण आलं तरी २७ हजार दर महिन्याला तुझ्या पगारातून. भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते हे खरं, पण तू नव्या करप्रणालीत आहेस, तिथे घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. एजंट हे सांगणार नाही. किंमत वाढेल म्हणून घेणं ही वेगळी गोष्ट. मग त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नकोस. माझं मत विचारशील तर या किमतीला घेऊ नकोस. चिंचवडला किंवा भोसरीकडे जुना, लहान, आधीपासून भाडेकरू राहत असलेला फ्लॅट बघ.

भाडेकरू जागा सोडणार नाही ही बाबांची भीती मला कळते. आजोबांच्या वाड्यातले भाडेकरू त्यांनी जन्मभर बघितले. त्यांना सांग, आता लिव्ह अँड लायसन्स करार होतो, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्काची तरतूद आहे. नोंदणीचे पैसे वाचवायला नोटरीवर भागवू नकोस. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दे. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जादा शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही.

अजून एक, हे मनापासून. इथे अमेरिकेत धर्म, वंश, देश किंवा लहान मुलं बघून घर नाकारणं १९६८ च्या आणि पुढे सुधारलेल्या कायद्याने सहसा बेकायदेशीर ठरतं. आम्ही पगाराच्या पावत्या बघितल्या, आधीच्या घरमालकाला फोन केला, एवढंच. अनामत घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेबासह परत द्यावी लागते. आपल्याकडे आडनाव आणि ताटात काय आहे ते विचारून घर देतात. तू तसं करू नकोस. वेळेवर भाडं देणारं, घर नीट ठेवणारं माणूस बघ.

त्या फ्लॅटची मेंटेनन्सची पावती, सोसायटीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि बँकेचं कर्जपत्र मला पाठव. एजंटला टोकन देऊ नकोस तोवर. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही कळव, ती फोनवर मला खरं सांगत नाही.

तुझी,
ताई