टर्बो गाडीचा पिकअप : ‘एरर नाही’ एवढ्या उत्तराने भागणार नाही

दिनांक : 12 मे 2026

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मोटार कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : एक लिटर टर्बो पेट्रोल गाडीला कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या कमी असताना) पिकअप नसणे आणि सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरने तपासणीचे आकडे न देणे याबाबत तक्रार.

महोदय / महोदया,

मी जुळे सोलापुरात राहते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या कंपनीची एक लिटर टर्बो पेट्रोल गाडी घेतली, पाच गिअरची मॅन्युअल. सर्व्हिस आपल्याच अधिकृत सेंटरमध्ये वेळेवर झाली आहे, गाडी वॉरंटीत आहे. ती बंद पडत नाही, धूर सोडत नाही, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागत नाही. तरीही जिथे उचलायला हवी तिथे ती उचलत नाही, आणि का उचलत नाही हे मला आजवर कोणी आकडे दाखवून सांगितलेले नाही. म्हणून थेट आपल्याला लिहिते आहे.

उसाच्या हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सतत असतात. बार्शी रस्त्यावर अशा ट्रॅक्टरच्या मागे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी तीस-पस्तीसच्या वेगात रेंगाळते. समोरचा रस्ता मोकळा दिसला की ओव्हरटेकला मिळणारा वेळ मोजका असतो, कारण ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या, एवढी लांबी ओलांडायची असते. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबते. आवाज किंचित बदलतो, वेग तोच राहतो. मग काटा 2000 आरपीएमच्या पुढे सरकला की एकदम ओढ येते. मधल्या वेळात मी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत असते आणि मागच्या सीटवर माझ्या सासूबाई बसलेल्या असतात. आता मी दुसरा गिअर टाकल्याशिवाय ओव्हरटेकचा विचारही करत नाही. पण गाडी विकताना मला याच्या नेमके उलट सांगितले होते: टर्बो आहे, सारखा गिअर बदलावा लागणार नाही.

तुळजापूरच्या घाटात, चौघे बसलेले आणि एसी चालू असताना, वळणातून बाहेर पडताना हेच होते. आसरा पुलाच्या चढावर पुढची रिक्षा थबकली की हेच. पुणे हायवेवर मात्र गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. काटा 2500 च्या पुढे असला की ती झकास पळते, लोड असला तरी दमत नाही. एकाच गाडीच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि माझे रोजचे चालवणे बहुतेक पहिल्या तऱ्हेत जाते.

यामागचे तंत्र मी समजून घेतले आहे, त्यामुळे उत्तर देताना मला ‘टर्बो असाच असतो’ एवढ्यावर थांबवू नये. इंजिनातून बाहेर पडणारा वायू टर्बोचे एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. आरपीएम कमी असताना बाहेर पडणारा वायूच कमी असतो, त्यामुळे चाक पुरेसे फिरत नाही, बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब तयार होत नाही. बूस्ट नाही म्हणून जादा हवा नाही, जादा हवा नाही म्हणून वायूही वाढत नाही. हे चक्र सुटायला वेळ लागतो. तोवर हातात असते ते फक्त एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन. अशा साध्या इंजिनाचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) 90 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. टर्बो लावल्यावर तो साधारण 150 ते 170 पर्यंत जातो. शिवाय बूस्टमुळे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणे) होऊ नये म्हणून टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण) बहुधा थोडे कमी ठेवतात, म्हणजे बूस्ट येईपर्यंत ते त्याच मापाच्या साध्या इंजिनापेक्षाही मऊ वागू शकते. आमची जुनी गाडी 1.2 लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली होती. कागदावर तिची ताकद कमी, पण पाय दाबला की ती लगेच जोर लावायची. घरात सगळ्यांना ती जास्त चपळ वाटायची, आणि वरचे तंत्र पाहता त्यांचे वाटणे बरोबर आहे.

इंजिन लहान का ठेवता हेही मला माहीत आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर जीएसटी कमी लागतो. सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के आहे आणि मोठ्या गाड्यांना 40. गाडी त्यामुळे परवडली, हे मी मान्य करते. पण लहान इंजिनावर टर्बो बसवून मोठ्या इंजिनाचा आकडा छापता, तेव्हा तो आकडा कुठल्या आरपीएमपासून लागू होतो आणि त्याखाली काय मिळते, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला हवे. ब्रोशरमधला टॉर्क पूर्ण थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना), एका आरपीएमवर इंजिन स्थिर धरून, बूस्ट पूर्ण भरल्यावर मोजलेला असतो. ट्रॅक्टरच्या मागून बाहेर पडताना इंजिन स्थिर धरायला कोण थांबणार आहे?

सर्व्हिस ॲडव्हायझरने दोन कारणे तोंडी सांगितली, ऊन आणि ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल. दोन्हींत थोडे तथ्य आहे. आयएसओ 1585 या पद्धतीत इंजिनाची ताकद 25 अंश तापमान धरून सांगतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि तेवढी तापलेली हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ असते. टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारा इंटरकूलर बाहेरच्याच हवेने थंड होतो, त्यामुळे आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा गार होऊच शकत नाही. हवा तापली की नॉकिंग टाळण्यासाठी कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि जोर आणखी उतरतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो, आणि हे कमी आरपीएमला लहान इंजिनात जास्त जाणवते. मार्चपासून त्रास वाढला तो यामुळे असेल. पण त्रास जानेवारीतही होता. शिवाय सोलापूरचा उन्हाळा आपल्या कंपनीला नवा नाही. इथे शोरूम उघडून गाड्या विकता, तर इथल्या उन्हात गाडी कशी चालते हे सांगणेही आपल्याकडेच येते.

ई20 चे कारण मला पटत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्के घट येते. पण इंजिन त्या हिशेबाने इंधन जास्त सोडते, त्यामुळे मार मुख्यतः ॲव्हरेजला बसतो. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, तो नॉकिंगला अटकाव करतो. माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर आपणच ई20 छापले आहे. मग 2000 आरपीएमच्या खालची पोकळी त्याच्या माथी कशी मारता येईल?

आणखी एक गोष्ट आपल्या इंजिनिअरांपर्यंत पोचवावी. डॅशबोर्डवर वरचा गिअर टाका असे सांगणारा बाण 1600-1700 आरपीएमलाच दिसतो. तो पाळला की गिअर बदलल्यावर इंजिन बूस्टच्या खाली जाते आणि चढ असला तर गाडी गुदमरते. बाण ॲव्हरेजसाठी आहे हे कळते, पण चढ आणि लोड न बघता दिलेला असा सल्ला नव्या चालकाला अडचणीत टाकतो. आमचा कारखान्यातला मुलगा गाडी शिकतोय, तो बाण बघूनच गिअर टाकतो.

आता मुख्य तक्रार. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की स्कॅनर लावतात, ‘एरर नाही, गाडी ओके’ असे जॉबकार्डवर लिहितात आणि गाडी धुऊन परत देतात. एरर नसणे म्हणजे गाडी ठीक असणे नव्हे. आमच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, पण ताण सैल झाला तर तो चालूच राहतो आणि कापड खराब निघते. होजची क्लिप जराशी सैल असेल, इंटरकूलरच्या पाइपला बारीक चीर असेल, वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन वायू सोडणारी झडप) पूर्ण मिटत नसेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल किंवा ब्रेक किंचित धरून राहत असेल, तर एरर न येताही गाडी मंदावू शकते. यातले काय तपासले, हे जॉबकार्डवर कुठेही लिहिलेले नाही.

माझी मागणी अशी आहे की आपल्या कंपनीचा तंत्रज्ञ पाठवून, मी गाडीत असताना, रस्त्यावर चाचणी घ्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून 4000 पर्यंत न्यावे आणि स्कॅनरवर मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, थ्रॉटल, आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि इग्निशन टायमिंग यांची नोंद करावी. एकदा सकाळी गारव्यात आणि एकदा दुपारी एसी लावून. बूस्ट भरायला लागणारा वेळ सोडूनही मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत फरक टिकून राहिला तर गळती, वेस्टगेट किंवा टर्बोत दोष असण्याची दाट शक्यता आहे. तो वॉरंटीत दुरुस्त करावा. बूस्ट बरोबर असून टायमिंग मागे जात असेल तर प्रश्न उष्णतेचा किंवा इंधनाचा आहे. दोन्ही ठीक असतील तर याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांसह चालवून दाखवावी. तीही अशीच निघाली तर माझ्या गाडीत बिघाड नाही, हे मी मान्य करीन. मग मात्र मॉडेलच असे आहे हे आपण मला लेखी कळवावे आणि त्यासाठी सॉफ्टवेअरचा अपडेट असेल तर तो विनाशुल्क द्यावा. निष्कर्ष काहीही निघाला तरी नोंदींची प्रिंट मला मिळाली पाहिजे. शोरूममधल्या विक्रेत्यांनाही ‘गिअर बदलावा लागत नाही’ हे वाक्य बंद करायला सांगावे आणि टेस्ट ड्राइव्ह सपाट होटगी रस्त्यावर एकट्या गिऱ्हाइकाला बसवून न देता, चढावर आणि भरल्या गाडीने द्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत चाचणीची तारीख कळवावी. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे. मला गाडी परत करायची नाही. ती मी हौसेने घेतली आहे आणि अजून बरीच वर्षे चालवायची आहे. येत्या हंगामात ट्रॅक्टर रस्त्यावर येण्याच्या आत तिचा निकाल लागावा, एवढेच मागते आहे.

आपली ग्राहक,
जुळे सोलापूर

सोबत : आतापर्यंतच्या जॉबकार्डांच्या झेरॉक्स, खरेदीच्या बिलाची प्रत, ब्रोशरचे टॉर्क छापलेले पान.