नाशिकच्या वायरमन काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

गेल्या डिसेंबरमध्ये तुम्ही माझ्या दहाचाकी ट्रकचा दोष शोधून दिलात, त्या संध्याकाळी मी मजुरी देऊन, हात जोडून घाईने निघालो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे लासलगावात कांदा भरायचा होता. जे बोलायला हवे होते ते तसेच राहिले. आज ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण तुम्ही मला जे दाखवलेत ते एक-दोन जुन्या गाड्यांवर घर चालवणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांच्या उपयोगाचे आहे, आणि कोणाकडून शिकलो हे न सांगता ते वापरत राहणे मला योग्य वाटत नाही.

वडिलांची गाडी इनलाइन पंपाची होती, म्हणजे डिझेल यांत्रिक पंपानेच मोजून सोडणारी. टाकीत डिझेल असले, पाइपात हवा धरलेली नसली आणि सेल्फने इंजिन फिरवले की ती चालू होत असे. वीज लागायची ती सेल्फला, दिव्यांना आणि हॉर्नला. माझी गाडी 2017 सालची, म्हणजे 1 एप्रिल 2017 पासून देशभर भारत स्टेज 4 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले त्या वर्षाची. तिच्यात कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोजलांना जास्त दाबाचे डिझेल पुरवणारी एकच नळी, आणि प्रत्येक नोजलने किती डिझेल केव्हा सोडायचे हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. ती गाडी हातात घेऊन मला काही वर्षे झाली होती, तरी ईसीएमला हे सगळे कळते कशावरून, हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता.

दोष कसा होता ते तुम्हाला ठाऊक आहेच, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. कांदा घेऊन घाट उतरताना काही होत नसे. न्हावा-शेव्याहून खताच्या गोण्या भरून परत येताना मात्र कसारा घाटाच्या चढावर चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडीतली ताकद एकाएकी निघून जायची. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या पुढे जात नसे. कडेला घेऊन चावी बंद करून पुन्हा लावली की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. एका गॅरेजात स्कॅनर लावून रेल प्रेशरचा सेन्सर बदलला. दुसऱ्या ठिकाणी बूस्ट प्रेशरचा, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबाचा, सेन्सर बदलला, आणि तरीही गाडी घाटात थांबल्यावर ईसीएमच गेला असावा असे सांगण्यात आले. त्या एका शब्दाने माझी दोन रात्रींची झोप गेली, कारण नवा ईसीएम घ्यायचा तर कर्ज काढण्यावाचून मार्ग नव्हता.

तुम्ही गाडीला हात लावण्याआधी दोन गोष्टी मागितल्यात: काढून टाकलेले दोन्ही सेन्सर आणि स्कॅनरची छापील नोंद. त्या नोंदीत तीन कोड होते. 157 म्हणजे रेल प्रेशर, 102 म्हणजे बूस्ट प्रेशर, आणि 3509, ज्याच्याकडे तोवर कोणी पाहिलेच नव्हते. तिन्हींच्या पुढे 4 हा आकडा होता. अवजड वाहनांच्या कोडमध्ये पहिला आकडा कुठल्या जागेबद्दल तक्रार आहे ते सांगतो आणि दुसरा आकडा तक्रार काय आहे ते सांगतो. 3 म्हणजे व्होल्टेज असायला हवे त्याहून जास्त, 4 म्हणजे कमी, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. तुम्ही म्हणालात, “दोन सेन्सर एकाच मिनिटाला मरत नाहीत. दोघांना मिळून काय लागते ते बघायचे.” दोघांना मिळून लागत होती ती पाच व्होल्टची पुरवठ्याची तार, आणि 3509 हा कोड त्या पुरवठ्याचाच होता.

गाडीच्या बॅटऱ्या 24 व्होल्टच्या असल्या तरी ईसीएम अशा सेन्सरांना स्वतःकडून मोजून पाच व्होल्ट देतो, हे समजावताना तुम्ही जुना रेल सेन्सर हातात धरून त्याच्या तीन पिना दाखवल्यात: एक पाच व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. रेलमध्ये दाब नसताना सिग्नलवर सुमारे अर्धा व्होल्ट असतो आणि दाब वाढत जातो तसा तो साडेचारपर्यंत चढतो. खाली शून्यापर्यंत आणि वर पाचपर्यंतची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे. अर्धा व्होल्ट म्हणजे दाब नाही, पण शून्य व्होल्ट म्हणजे खुद्द बातमीच पोहोचत नाही, आणि तार तुटली काय, पुरवठा गेला काय किंवा सिग्नल अर्थला लागला काय, ईसीएमला ते दाबाच्या आकड्यापासून वेगळे ओळखता येते. इतकी साधी आणि शहाणी योजना मी रोज चालवतो त्या गाडीत होती, याचे मला फार नवल वाटले. बातमी खात्रीची नाही म्हटल्यावर ईसीएम इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. मी ज्याला दोष समजत होतो ती त्याची सावधगिरी होती.

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यभर विसरणार नाही. उभ्या गाडीत मीटर सरळ पाच व्होल्ट दाखवत होता. तुम्ही कपलरच्या, म्हणजे तारांच्या जोडाच्या, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मीटर जोडलात, तारेचे रबर टोचू दिले नाहीत, आणि बल्बचा टेस्ट लॅम्प तर माझ्या हातातून काढून घेतलात, कारण तो ओढतो तेवढा करंट ईसीएमच्या या नाजूक पुरवठ्याला झेपत नाही. सेन्सर एकेक करून सोडवून पाहिले, फरक पडला नाही. मग तुम्ही मला केबिनमध्ये बसवून ब्रेक गच्च दाबायला, गाडी गिअरमध्ये टाकायला आणि क्लच अगदी थोडा सोडायला सांगितलेत. चढावर भार आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलते, तसे ते जागेवरच कलले, आणि मीटरवरचे पाच व्होल्ट क्षणात शून्याजवळ आले. टर्बोच्या बाजूच्या एका ब्रॅकेटवर वायरिंगची जाळी, म्हणजे तारांचा जुडगा, घासत होती. आतल्या तारेचे रबर तांदळाच्या दाण्याएवढे गेले होते आणि तांबे उघडे पडले होते. गाडी सपाटीवर असताना तार ब्रॅकेटपासून केसभर दूर राहायची आणि कसाऱ्याच्या चढावर त्याला टेकायची. म्हणूनच गॅरेजात उभ्या गाडीत ते कोणाला सापडले नव्हते.

तार दुरुस्त करून, जाळी दुसऱ्या वाटेने नेऊन रबरी क्लिपांत बसवल्यावर काम संपले होते. तरीही तुम्ही सेल्फ मारत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत किती व्होल्ट वाया जातात ते मोजलेत. अर्ध्या व्होल्टहून जास्त जायला नको होता. माझ्या गाडीत जवळजवळ एक व्होल्ट जात होता. चेसीवरच्या अर्थच्या बोल्टाखाली रंग आणि गंज साचला होता. तो खरवडून घट्ट केल्यावर थंडीतल्या पहाटेही सेल्फ पूर्वीपेक्षा जोमाने फिरतो. या कामाचे पैसे तुम्ही वेगळे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा ते मजुरीत आले, असे म्हणालात.

त्या दिवशी मी साधा डिजिटल मीटर विकत घेतला आणि तुम्ही सांगितलेले आकडे वहीत उतरवून ठेवले. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थंड इंजिनावर अडीच हजार ओहमच्या आसपास आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो, तो काढून गरम पाण्याच्या पातेल्यात धरून घरीही तपासता येतो. ऍक्सिलरेटरच्या पेडलमधून दोन सिग्नल जातात, एक दुसऱ्याच्या निम्मा, आणि त्यांचा मेळ बसला नाही तर ईसीएम पेडलचे ऐकत नाही. कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या, दोन तारांमध्ये, बॅटरी सोडवून, 60 ओहम मिळाले पाहिजेत, कारण दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोध जोडलेले असतात; 120 मिळाले तर एक टोक तुटले आहे असे समजायचे. बॉडीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि ईसीएमचे कपलर सोडवायचे. गाडी धुताना प्रेशरचे पाणी कपलरवर मारायचे नाही. यातले शेवटचे दोन नियम मी दरवाजाच्या आत लिहून ठेवले आहेत, म्हणजे क्लीनरलाही ते दिसतात.

ज्यांनी माझे सेन्सर बदलले त्यांच्यावर माझा राग नाही. स्कॅनरवर सेन्सरचे नाव आले की तोच बदलायचा ही सवय सगळीकडे आहे, आणि गिऱ्हाईकही घाईत असते, मीही होतो. परंतु तुम्ही त्या घाईत आला नाहीत. प्रत्येक माप घेताना मला जवळ बोलावलेत, आकडा मला वाचायला लावलात, आणि असे शिकवले तर हा पुन्हा आपल्याकडे येणार नाही, असा विचार तुमच्या मनाला शिवलाही नाही. त्यासाठी मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

कसाऱ्याच्या चढावर गाडी त्यानंतर एकदाही थांबली नाही. तुम्ही बाकावर पाच व्होल्ट देऊन तपासलेले दोन्ही जुने सेन्सर निर्दोष निघाले होते; त्यातला बूस्टचा सेन्सर मी टूलबॉक्समध्ये कापडात गुंडाळून ठेवला आहे. त्यावर तुम्ही खडूने लिहिलेले “चांगला” पुसट होऊ लागले होते, म्हणून परवा मी ते पक्क्या शाईने पुन्हा लिहिले.

आपला कृतज्ञ,
निफाड तालुक्यातील एक ट्रकमालक