आठवी ‘ब’चा फोटो

मँचेस्टर,
२० जानेवारी

ती. आई व ती. आप्पा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच तर फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं वाटेल तुम्हांला. पण हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा विषय आप्पांच्या गुडघ्यावर गेला. शिवाय आई, यातलं काही तुझ्याशी समोरासमोर बोलायला मला अजून धीर होत नाही. म्हणून लिहिते. आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव.

रविवारी माझ्याकडे शाळेतले तिघं आले होते. अक्का, भाई आणि स्वामी. तुला त्यांची खरी नावं आठवणार नाहीत, तेव्हाही तू त्यांना याच नावांनी हाका मारायचीस. अक्का आता लीड्सला नर्स आहे, ती रेल्वेनं आली. भाई बर्मिंगहॅमहून गाडी चालवत आला. स्वामी कंपनीच्या कामानं महिनाभर लंडनला आहे, त्याला भाईनं शोधून काढलं. तुमच्याकडे सोलापूरला सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरलेला, होम मैदानावर पाळणे फिरत असणार, आणि इथे साडेचारला अंधार. स्वामीच म्हणाला, गड्ड्याच्या आठवड्यात आपण एकटे बसायचं नाही.

दार उघडलं आणि भाई म्हणाला, “काय करूलालीस गं?”

आई, मी तिथेच उभी राहिले. हे ‘करूलालीस’ मी किती वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुण्याला हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात माझ्या ‘येऊलालो, जाऊलालो’ला मुली हसल्या होत्या, आणि मी ते बोलणं सोडलं ते सोडलंच. भाईनं नाही सोडलं. त्याच्या घरी दखनी, स्वामीच्या घरी कन्नड, अक्काच्या घरी तेलुगू. घरात मराठी बोलणारी आमच्यात मी एकटी, आणि सोलापूरची मराठी या तिघांनी जपली. रविवारी दिवसभर आम्ही तीच बोललो. माझ्या जिभेवर ती परत यायला तासभर लागला.

दुपारी सामान आणायला गेलो तर दुकानात अक्का ओठांतल्या ओठांत हिशेब करत होती. मी कान दिला. “सात साते एकोणपन्नास.” मी तिला विचारलं, तू पाढे तेलुगूत नाही म्हणत? ती म्हणाली, तेलुगूत मला पाढे कुणी शिकवलेच नाहीत. आईशी तेलुगू, मुलांशी इंग्रजी, हिशेब मराठीत. स्वामीचंही तसंच निघालं. तो देवाशी कन्नडमध्ये बोलतो आणि औषधाच्या गोळ्या मराठीत मोजतो.

मग आठवणी निघाल्या. कंबर तलावावरचे पक्षी, भुईकोट किल्ल्याच्या बागेत पेपर संपल्यावर बसायचो ते, नव्या पेठेतली दिवाळीची गर्दी, हे सगळं भराभर झालं. ते सगळ्यांचं सारखंच होतं. खरी गंमत पुढे आली, जेव्हा एकच गोष्ट प्रत्येकानं वेगळी सांगायला सुरुवात केली.

गिरणीचा भोंगा घ्या. आप्पा, तुम्ही भोंग्यावर घड्याळ लावायचात. आपल्या घरात भोंगा म्हणजे आंघोळीला उठायची वेळ, एवढंच. मी तसं म्हणाले. अक्का म्हणाली, आमच्या घरी भोंगा झाला की सगळे गप्प बसायचे, कारण वडील रात्रपाळी करून यायचे आणि घर एकाच खोलीचं. मुलांनी खुणांनी बोलायचं. पुढे ती गिरणी बंद पडली. वडिलांचे पैसे अडकले ते अडकलेच. ते पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागले, चादरींच्या मागावर. अक्का म्हणाली, “भोंगा बंद झाला तेव्हा आम्हांला मोठ्यानं बोलायची मुभा मिळाली, पण कुणी बोलेना.”

मी इथे रोज अँकोट्सवरून जाते. तिथे लाल विटांच्या प्रचंड जुन्या सूतगिरण्या आहेत, काही तर अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या. आता त्यांत लोक फ्लॅट घेऊन राहतात. इतकी वर्षं मला त्या पाहिल्या की सोलापूरचं धुराडं आठवायचं आणि बरं वाटायचं. काल तिथून जाताना पहिल्यांदा मनात आलं की इथेही कुणाच्या तरी घरी भोंग्यानंतर मुलं खुणांनी बोलत असतील.

स्वामीनं गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचं, सिद्धेश्वरांच्या लग्नाचं सांगितलं. त्याचे वडील नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच जड काठी, पेलायचे, हे मला माहीत होतं. पांढऱ्या बाराबंदीत ते समोरून गेले की आपण गच्चीवरून हात जोडायचो. पण त्याआधी कित्येक आठवडे रोज सराव, घरी आल्यावर कमरेला शेक, आणि सातांपैकी एक काठी जरी वाऱ्यानं कलली तरी सगळ्या घराच्या पोटात गोळा, हे कुठे माहीत होतं? त्यानं एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. संमती कट्ट्यावर त्या लग्नाची संमती वाचली जाते ती कन्नडमध्ये. समोर हजारो माणसं उभी, त्यांतल्या कितीतरी जणांना कन्नड येत नाही. तरी ‘सत्यम सत्यम’ आलं की सगळे हात एकदम वर जातात. तुम्हांला कुणी सांगितलं होतं, कधी टाकायच्या अक्षता? आम्ही तिघंही विचार करत बसलो. मला तू शिकवलंस आई, माझी मूठ तुझ्या मुठीत धरून. भाईला त्याच्या दादाजींनी शिकवलं होतं, खांद्यावर बसवून.

भाईचे हे दादाजी सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी पोरसवदा होते. गांधी टोपी घातली म्हणूनही शिक्षा व्हायची, त्या दिवसांतल्या गोष्टी ते सांगायचे. त्यावरून बारा जानेवारीचं निघालं. तुला आठवतं का, शाळेत दर वर्षी चार हुतात्म्यांचा प्रवेश बसवायचे? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, तो दिवस. दर वर्षी कुर्बान हुसेन भाईच व्हायचा आणि धनशेट्टी स्वामी. कुणी ठरवत नव्हतं, आपोआप तसंच व्हायचं. सातवीत भाई सरांकडे गेला आणि म्हणाला, मला यंदा मल्लप्पा धनशेट्टी व्हायचंय. सर जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, हो की, का नाही? मग स्वामी कुर्बान हुसेन झाला. मी आणि अक्का कडेला झेंडा धरून उभ्या, कारण मुलींना काम नव्हतं. मला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी कुणाची तरी टोपी पडली. भाईला मात्र सरांचं ते गप्प राहणं आठवतं, आणि नंतरचं ‘हो की’ही. तो म्हणाला, त्या एका ‘हो की’वर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. मी त्याला काही विचारलं नाही. मी गावात नव्हते त्या वर्षांत त्याच्या वाट्याला काय आलं असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता जे सांगायला पत्र लिहायला बसले ते.

अक्कानं विचारलं, आपला आठवीचा वर्गाचा फोटो कुणाकडे आहे का? त्यांचा घर बदलताना हरवला. मी म्हणाले, आमच्या ट्रंकेत आहे, आईकडे. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की त्या फोटोत मी तिच्या शेजारी नाही.

पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, असंच मी सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला, मुलांना, तुलाही. ते खरं नाही. आठवीत महिनाभर मी दुसरीकडे बसले होते. अक्काच्या हातांना तंबाखूचा वास यायचा. मी बाईंकडे जाऊन सांगितलं की मला वासानं मळमळतं, जागा बदलून द्या. बाईंनी दिली. फोटो त्याच महिन्यात काढला. त्यात मी खिडकीच्या बाजूला आहे आणि अक्का दुसऱ्या टोकाला. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

तो वास कशाचा, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिची आई बिड्या वळायची, पूर्व भागात घरोघर वळतात तशा. पण त्यामागचं सगळं रविवारी कळलं. शाळेतून घरी गेलं की अक्का पत्र्याचा साचा ठेवून पानं कापायची. आई मांडीवर सूप घेऊन वळायला बसायची. दिवसाला हजार बिड्या पुऱ्या करून बिडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथे तपासताना बाजूला काढतील त्यांचे पैसे नाहीत. अभ्यासाला वेगळा वेळच नव्हता. म्हणून ती पानं कापता कापता कविता मोठ्यानं पाठ करायची. आईला तेव्हा मराठी येत नव्हतं. पण रोज ऐकून ऐकून तिला आठवीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता पाठ झाल्या, अर्थ न कळता. अक्का अडली की आई पुढचा शब्द सांगायची. मग एक दिवस आईनं विचारलं, याचा अर्थ काय गं? आणि अक्कानं तेलुगूत सांगितला. तिची आई अशी मराठी शिकली.

हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना. मी बाकाचं सांगून टाकलं. भाई, स्वामी समोर होते तरी सांगितलं.

अक्का भाकरी भाजत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, “मला म्हाईत होतं. तेव्हापासून शाळेला यायच्या आधी मी राखेनं हात घासायची.”

बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आठवीतली मुलगी रोज सकाळी मोरीशी बसून राखेनं हात घासते आहे, आणि मी वर्गात खिडकीपाशी बसले आहे. दोन दिवस झाले, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. इथे मी लोकांना मोठ्या अभिमानानं सांगते की आमच्या गावात चार भाषा, सगळे जातीधर्म, आणि आम्ही सगळे एकत्र वाढलो. यातलं काहीच खोटं नाही. पण आपल्या सात रस्त्याहून तिचा अशोक चौक किती लांब आहे, आप्पा? सायकलीनं जाता येतं. सहा वर्षांत मी तिच्या घरी एकदाच गेले.

ते एकदाही तिनंच बोलावलं म्हणून. त्याच महिन्याच्या शेवटी नवरात्रात तिनं मला बतुकम्माला, त्यांच्या फुलांच्या सणाला नेलं. ताटात तेरड्याची, झेंडूची फुलं थरावर थर रचून उंच केलेली, आणि बायका भोवती टाळ्या वाजवत गोल फिरत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता. तिच्या आईनं माझा हात धरून मला फेरात घेतलं. बिड्या वळणारा हात. त्या दिवशी मला कसलाच वास आल्याचं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी माझं दप्तर उचलून परत अक्काच्या बाकावर गेले. बाईंना विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी अक्कानं तिच्या आईला व्हिडिओवर फोन लावला. त्या आता कुंभारीला राहतात, बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं बांधली त्यांतलं एक घर त्यांना मिळालंय, २००६ पासून. डोळ्यांना कमी दिसतं. अक्कानं विचारलं, “तिन्नावा?” एवढं तेलुगू मला येतं, जेवलीस का. मग मला पुढे केलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “फेरात पाय चुकत होती ती?” आणि अक्कानं सांगितलं म्हणून आठवीतल्या कवितेच्या चार ओळी त्यांनी म्हटल्या, कुठेही न अडखळता. मला त्यांतली तिसरी ओळ आठवत नव्हती.

तेव्हा आई, एक काम कर. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत, माझ्या प्रगतिपुस्तकांच्या खाली तो फोटो असेल. दादाला सांग, नव्या पेठेत नेऊन त्याची मोठी प्रत करून घे, चेहरे दिसतील अशी. आणि येत्या रविवारी तुम्ही तिघं अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला जा. पत्ता मी दादाला पाठवते. आप्पांना रिक्षात त्रास होईल, गाडी करा, पैसे मी देते. रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि त्यांनी जेवायला थांबवलं तर थांबा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा मी येणारच आहे, अक्काही येतेय. तेव्हा मी स्वतः जाईन. पण तोवर थांबायला नको, त्यांचं वय झालंय.

फोटो दिलास की त्यांना विचारू दे, तुमची मुलगी कुठे आहे यात. त्यांना नीट दिसत नाही, तेव्हा तूच बोट ठेवून दाखव. अक्का डाव्या टोकाला आहे, दुसऱ्या रांगेत. मी उजवीकडे, खिडकीच्या बाजूला. का, ते विचारलं तर सांग. लपवू नकोस.

दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आप्पा, गोळी चुकवू नका.

तुमची,
ताई