या वेळी आवाज कमी करावा लागणार नाही

नाशिक,
रविवार, ६ जुलै २००८

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. कालपासून भुरभुर चालू आहे आणि त्र्यंबककडचे डोंगर दिसेनासे झालेत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबांच्या वाट्याला निम्मंच येतं आणि उरलेलं आईला ओरडून सांगावं लागतं. कागदावर तरी दोघांना सारखं पोचेल, म्हणून लिहितोय. काळजीचं काही नाही. एका सीडीबद्दल लिहितोय.

ज्युडास प्रीस्ट या विलायती बँडची नवी सीडी गेल्या महिन्यात निघाली. मुंबईच्या मित्राने मला ती आणून दिली. नाव तुमच्या लक्षात नसेल, आवाज नक्की असेल. दहावीच्या सुट्टीत सातपूरच्या खोलीत मी दिवसरात्र ‘पेनकिलर’ नावाची कॅसेट वाजवायचो, ती यांचीच. बाबा, तुम्ही पहिल्या पाळीहून यायचात, दारात चपला काढता काढता म्हणायचात, “अरे, पत्र्याचा कारखाना बंद कर तो.” मी बंद करायचो आणि मनात धुसफुसायचो. माझ्या आवडीचं तुम्हाला काही समजतच नाही, असं तेव्हा वाटायचं.

मे महिन्यात कानाच्या तपासणीला आलात, तेव्हा डॉक्टरांनी तो आलेख दाखवला. तुम्ही खुर्चीत शांत बसला होतात, मी मात्र त्या कागदाकडे बघतच राहिलो. रेघ सरळ येते आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. वर्षानुवर्षं यंत्राच्या आवाजात काढलेल्या माणसाच्या कानाची हीच खूण, असं त्यांनी सांगितलं. प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं. कंपनीने कानात घालायला बोळे दिले ते शेवटच्या काही वर्षांत, हे तुम्हीच एकदा बोलून गेला होतात. त्या दिवशी रिक्षात मला एकदम कळलं. आठ तास प्रेसचे दणके सोसून तुम्ही घरी यायचात आणि घरात मी तसलेच दणके हौसेने लावून बसलेला असायचो. तुम्हाला फक्त थोडी शांतता हवी होती. बाबा, तेव्हा मला ते समजायला हवं होतं.

आता तुम्ही ‘पत्र्याचा कारखाना’ म्हणायचात ते किती खरं होतं, ते ऐका. ही मंडळी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आसपासची. तो सगळा भाग म्हणजे आपल्या सातपूर-अंबडसारखाच, भट्ट्या, ओतशाळा आणि पत्र्याच्या कारखान्यांचा. गायक रॉब हॅल्फर्ड शेजारच्या वॉल्सॉल गावात, त्याच आवाजात वाढला. ग्लेन टिप्टन हा गिटारवाला तरुणपणी ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीत नोकरीला होता. पुढे १९८० साली त्यांनी आपल्या एका रेकॉर्डला ‘ब्रिटिश स्टील’ हेच नाव दिलं. त्याच रेकॉर्डवरच्या ‘मेटल गॉड्स’ या गाण्यात लोखंडी राक्षस पावलं टाकत येतायत असा आवाज हवा होता. आई, तो त्यांनी चमचे-काट्यांचा ट्रे हलवून काढला! तुझ्या मांडणीवरून पितळी डबे खाली आले की व्हायचा, तसा.

त्याच बर्मिंगहॅममधला टोनी आयोमी त्यांच्याही आधीचा. तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून वाजवल्या आणि त्यातून तो जड, खोल आवाज आला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडपासून हेवी मेटल, म्हणजे हे जड गिटारचं संगीत, सुरू झालं असं मानतात. बाबा, तुमच्या पाळीतले काका दसऱ्याला सोनं द्यायला यायचे. त्यांचं तोकडं बोट मी लहानपणी टक लावून बघायचो आणि आई मला डोळ्यांनी दटावायची. आयोमीची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तेच काका आठवले. मी हे संगीत परक्या मुलखातून घरात आणलं असं तुम्हाला वाटत होतं, मलाही वाटत होतं. खरं तर ते तुमच्याच खात्यातलं होतं.

आता नव्या सीडीकडे येतो. तिचं नाव ‘नॉस्त्राडेमस’.

हे नाव आईला दिवाळी अंकांतल्या भविष्याच्या पानांवरून माहीत आहे. पण या लोकांनी भविष्यं बाजूला ठेवून माणूस उचलला आहे. मिशेल द नॉस्त्रदाम, जन्म १५०३, दक्षिण फ्रान्समधला. औषधं करायचा, प्लेगच्या गावांत जाऊन रोगी बघायचा. आणि साथीच्या रोगाने त्याच्याच घरात बायको आणि दोन मुलं नेली. त्यानंतर बरीच वर्षं तो गावोगाव भटकला. धर्मपीठाचा संशय मागे होताच. पुढे सालों या गावी स्थिरावला, दुसरं लग्न केलं आणि १५५५ साली चार-चार ओळींच्या भविष्याच्या कवितांचं पुस्तक काढलं. राणीने दरबारात बोलावलं. १५६६ साली तो गेला. हा सगळा जन्म दोन सीडींवर, तेवीस तुकड्यांत, पावणेदोन तासांच्या आसपास गायला आहे.

आई, हे आख्यान आहे. आपल्या शब्दांत याला दुसरं नाव नाही. पंचवटीत तू मला कीर्तनाला न्यायचीस, तेव्हा मी तुझ्या मांडीवर झोपायचो ते पूर्वरंगात. उत्तररंगात बुवा आख्यान लावायचे की टक्क जागा व्हायचो. एक मोठं पद झालं की बुवा लगेच दुसऱ्यावर उडी मारायचे नाहीत. मधे एखादी साकी, एखादी दिंडी, चार ओळींत गोष्ट पुढे सरकवायची, आणि पेटी हळूच पुढच्या पदाच्या सुरावर यायची. इथे नेमकं तेच केलं आहे. मोठ्या गाण्यांच्या मधे मिनिट-दोन मिनिटांचे छोटे तुकडे आहेत, कुठे नुसती गिटार, कुठे हळू आवाजात दोन-चार ओळी. सुटं गाणं ऐकायला घेतलं तर ते तुकडे बिनकामाचे वाटतात. सलग ऐकलं तर त्यांच्यावाचून पुढचं गाणं अंगावर येत नाही.

पहिल्या सीडीवर प्लेगचं गाणं आहे. त्याचं धृपद त्यांनी इंग्रजी सोडून इटालियनमध्ये गायलंय. मला त्यातला शब्द कळत नाही, तरी दर वेळी काटा येतो. ते ऐकताना मला आई, तुझ्या आजीची गोष्ट आठवते. घरात उंदीर पडला की सगळं गाव रानात झोपड्या बांधून राहायला जायचं, आणि परत आल्यावर कुठल्या कुठल्या घरांची दारं उघडलीच नाहीत ते ती मोजून सांगायची. तिचे दोन भाऊ त्यात गेले. नावं सांगताना तिचा आवाज कधी चढला नाही की रडवेला झाला नाही, फक्त हळू व्हायचा. या सीडीवर ‘लॉस्ट लव्ह’ म्हणून गाणं आहे, बायकोमुलं गेल्यानंतरचं. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी ओळखला जाणारा हॅल्फर्ड तिथे असाच हळू होतो. मी ते रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता ऐकलं. दुसऱ्यांदा लगेच ऐकवेना.

दुसऱ्या सीडीची सुरुवात वनवासाची. ‘एक्झाइल्ड’ आणि ‘अलोन’ ही दोन गाणी म्हणजे या सगळ्याचं काळीज. ‘अलोन’मध्ये एकटेपणाचं रडगाणं नाही. हाकलून दिलेला माणूस पाय रोवून उभा राहतो, आणि गिटार त्याच्यामागे भिंतीसारखी. शेवटाकडे ‘नॉस्त्राडेमस’ हे गाणं येतं तेव्हा कुठे जुना वेग सुटतो, ड्रमवाल्या स्कॉट ट्रॅव्हिसचे दोन्ही पाय ढोलांवर चालू होतात. मिरवणुकीत नाशिक ढोलाचं पथक मेन रोडवर वळताना आपण आधी छातीत ऐकतो आणि मग कानात, तसं.

माझे मित्र मात्र नाराज आहेत. काही तर रागावलेत. संथ आहे, लांबड लावलीय, की-बोर्ड आणि तंतुवाद्यं फार झालीत, हे आमचं प्रीस्ट नाही, असं त्यांचं म्हणणं. यातलं थोडं मलाही पटतं. पहिल्या सीडीचा मधला भाग रेंगाळतो, तिथे दोन तुकडे गाळले असते तर बिघडलं नसतं. ‘व्हिजन्स’ हे गाणं मला साधारण वाटलं. पण राग मला समजत नाही. यांची पहिली रेकॉर्ड १९७४ सालची. टिप्टन साठीचा आहे, बाबा, तुमच्याहून दोन वर्षांनी लहान. हॅल्फर्ड मधे दहा-बारा वर्षं बँड सोडून गेला होता, २००३ साली परत आला. यांनी पुन्हा एक ‘पेनकिलर’ केली असती तर आम्ही सगळ्यांनी डोक्यावर घेतली असती. ते सोपं होतं, आणि यांना जमलंही असतं. त्याऐवजी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायला बसले. चुकलंमाकलं ते आमच्यासमोर ठेवलं. मला ही माणसं या सीडीमुळे आधीपेक्षा जास्त आवडायला लागली आहेत, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

आणि बाबा, तुम्हाला म्हणून एक गोष्ट. हॅल्फर्डचा आवाज तारसप्तकाच्याही वर जातो, त्याची ख्यातीच ती. तो आवाज आता तुमच्या कानापर्यंत पूर्ण पोचणार नाही, त्याची धार आलेखातल्या त्या खड्ड्यात पडेल. पण या सीडीवर तो बहुतेक वेळ खालच्या आणि मधल्या पट्टीत गातो, नाटकातल्या जुन्या नटासारखा शब्द टाकत. मी घरी बसून तुमच्यासाठी गाणी निवडलीत. कानाला बोळे लावून ऐकून बघितलं की कुठे आवाज हरवतो आणि कुठे उरतो. ‘लॉस्ट लव्ह’ उरतं. प्लेगचं गाणं बरंचसं उरतं. ढोल तर पूर्ण उरतात. मे महिन्यात माझ्याकडे टीव्हीवर भजन लागलं होतं तेव्हा तुम्ही बोलता बोलता स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला होतात आणि तुमची बोटं हलत होती. तुम्हाला ते कळलंही नसेल. मी बघत होतो.

आई म्हणाली, भजनी मंडळात जाणं तुम्ही बंद केलंय. गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नाहीत, सम चुकते, लोक काही बोलत नाहीत पण वळून बघतात. मला हे तुमच्याकडून कळलं नाही याचं वाईट वाटलं, पण तुम्ही सांगणार नाही हेही ठाऊक होतं. लासलगावच्या त्या मंडळात तुमच्या पखवाजाशिवाय काकडा कसा होतो, ते माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. तुम्ही परत जाच, असा आग्रह मी धरणार नाही. मंडळातले सूर ऐकू येत नाहीत ही गोष्ट तुमची आहे, मी ती इथे बसून सोडवू शकत नाही. मला फक्त तुमच्याशेजारी बसून हे आख्यान ऐकायचं आहे, आणि ते ऐकताना तुमच्यापुढे पखवाज असावा असं वाटतं. घरातच. दार लावून. बघायला कुणी नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. सीडी प्लेअर आणि मोठे स्पीकर घेऊन येतोय, सून आणि छकुलीही येतील. आईसाठी गाण्यांची गोष्ट मराठीत लिहून काढली आहे, चार पानं झाली, वहीत चिकटवून आणतो. कानाच्या यंत्राचंही तेव्हा बोलू. किंमत मी विचारून ठेवली आहे, त्याची चिंता करू नका.

पखवाज माळ्यावर उजव्या कोपऱ्यात, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला आहे. बाबांनी शिडीवर चढायचं नाही, मी आल्यावर काढीन. आई, त्या दिवशी सकाळी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढून ठेव, डाव्या तोंडाला लावायला. जरा सैलसर भिजव, बाबांना घट्ट आवडत नाही.

तुमचा,
धाकटा